अण्णांचा टी-शर्ट

ऑक्टोबर लागला की आमच्या घरात पुरुषांच्या टी-शर्टांवरून वाद होतो. यंदाही झाला. मुलाने मोबाईलवरून वडिलांसाठी तीन टी-शर्ट मागवले. ते आले आणि मी नेहमीप्रमाणे पहिल्याच्या गळ्यात दोन्ही मुठी घालून तो आडवा ताणला. "आई, अगं, चार स्टार आहेत त्याला," मुलगा कळवळून म्हणाला. असतील. मला फक्त एवढंच बघायचं असतं, की ताणून सोडला की गळा आपल्या जागी परत येतो का. पहिल्याचा आला, दुसऱ्याचाही आला. तिसऱ्याने मात्र जे तोंड वासलं ते मिटलंच नाही. तो परत पाठवला. तेवढ्यात यांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, "ही खोड तुला कधीपासून लागली म्हणायची?" यांना चांगलं ठाऊक आहे. तरी विचारतात, कारण मग मी वाशीतल्या त्या एका ऑक्टोबरबद्दल बोलायला लागते आणि बोलता बोलता दुसऱ्यांदा चहा टाकते.

ते वाशी आता दाखवायचं म्हटलं तरी दाखवता येणार नाही. ऐंशीच्या दशकातली अर्धी वर्षं सरली होती. लोकल गाडी अजून खाडी ओलांडून आली नव्हती, सगळी भिस्त पुलावरून जाणाऱ्या बसवर. सेक्टर आखलेले, रस्ते रुंद, आणि त्या रुंद रस्त्यांच्या कडेला पिंजऱ्यात उभी केलेली कमरेएवढी झाडं. सावली हवी असेल तर माणसाने दुसऱ्या माणसाच्या सावलीत उभं राहावं, अशी परिस्थिती. पावसाळ्यात मोकळ्या प्लॉटांवर वाढलेलं गवत ऑक्टोबरात वाळून पिवळं पडायचं. खाडीचं पाणी ओसरलं की चिखलाचा वास थेट स्वयंपाकघरात यायचा, आणि वारा फिरला की ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा. एखाद्या दिवशी तो वास गोडसर असायचा, एखाद्या दिवशी अंडं नासल्यासारखा. हे तिथल्याच एका कारखान्यात सुपरवायझर होते, त्यामुळे वासाला नावं ठेवायची आम्हाला सोय नव्हती. गॅलरीतले कपडे तासाभरात कडकडीत वाळायचे आणि अंगात घातले की पुन्हा चिकट व्हायचे. हवेतच मीठ होतं.

आणि अशा हवेत आमचे पुरुष काय घालायचे, तर टेरिकॉट! त्या कापडाचा एकच गुण सगळे सांगायचे, की ते फाटत नाही. खरंच फाटायचं नाही. लग्नातला शर्ट मुलगा शाळेत जाईपर्यंत टिकायचा, आणि आत माणूस उकडून निघायचा. यांच्या पाठीवर घामोळं असं उठायचं की पावडरचा डबा आठवड्यात संपे. पण टी-शर्ट म्हटलं की यांचं ठरलेलं उत्तर, "बनियनला कॉलर लावतात आणि शर्टाचे पैसे घेतात. मी नाही फसणार."

त्या वर्षी मात्र मला टी-शर्ट हवा होता तो यांच्यासाठी नाही. अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कऱ्हाडकडच्या एका गावात हेडमास्तर होते. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना वाशीला आणलं. पांढरा, पूर्ण बाह्यांचा, खळ घातलेला शर्ट, गळ्याचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, खाली लेंगा. हा त्यांचा वेष रोजचा आणि सणाचा. वाटलं होतं, जन्मभराचं गाव सोडून आलेला माणूस या नव्या वसाहतीत रमायचा नाही. पण महिन्याभरात त्यांनी बसस्टॉपजवळच्या कट्ट्यावर आपली शाळा भरवली. मुलांच्या मागे आलेले सगळे बाप तिथे जमायचे. कुणी रत्नागिरीचे, कुणी लातूरचे, कुणी साताऱ्याचे. अण्णा पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचायचे, मग त्यावर वाद घालायचे, आणि दिवेलागणीला लाल चेहऱ्याने, खूश होऊन घरी यायचे. "आज त्या लातूरकरांची बोलतीच बंद केली," असं म्हणत पायरीवर चप्पल काढायचे. मला त्या चपलांचा आवाज फार आवडायचा.

गणपतीनंतर तो आवाज बंद झाला.

आधी म्हणाले, धूळ फार उडते. मग म्हणाले, गुडघा दुखतो. मग ऊन. बनियनवर खिडकीशी बसून राहायचे आणि तोच पेपर दुपारी पुन्हा वाचायचे. एकदा संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेले तर दार लोटलेलं होतं. फटीतून दिसलं, अण्णा आरशासमोर उभे होते. अंगात शर्ट होता. उजव्या हाताची बोटं थरथरत होती आणि बटण काही काजात जात नव्हतं. एक लागलं. दुसऱ्याला खूप वेळ गेला. मग त्यांनी लागलेलं बटणही काढलं, शर्ट उतरवला, नीट झटकून खुंटीला लावला आणि पेपर उघडून बसले. मी कप घेऊन तशीच मागे फिरले. चहा गार झाला तो मीच प्यायले.

यांना सांगितलं तर यांनी सरळ जाऊन विचारलं, "अण्णा, बटणं लावून देऊ का?" ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांची बटणं लावून दिली, त्याला हे विचारलं! अण्णा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "दिवाळी झाली की गावाला जाऊन राहीन म्हणतो. तिथं मोकळं वाटतं." गावाला होतं काय? बंद घर, स्टोव्ह आणि विहीर. त्या हातांनी ते स्टोव्ह कसा पेटवणार होते? अण्णांना थांबवायचं तर ते पुन्हा खाली जायला हवेत, आणि खाली जायचं तर अंगात शर्ट हवा, जो त्यांना एकट्याला घालता येईल. आणि हे सगळं व्हायला हवं होतं हाताबद्दल एक शब्दही न काढता. लेंग्याचं मी आधीच उरकलं होतं. नाडी काढून गुपचूप इलॅस्टिक ओवलं. अण्णांनी काही विचारलं नाही. त्यावरून मला कळलं की न बोलता केलेलं त्यांना चालतं.

टी-शर्टाची कल्पना सुचली ती शेजारच्या दोरीकडे बघून. शेजारी कांबळेवहिनी राहायच्या. माहेर परभणीकडचं, इथे टेलिफोनवर ऑपरेटर. त्यांचे मिस्टर कारखान्याच्या टीममधून व्हॉलीबॉल खेळायचे, त्यांचे टी-शर्ट वाळत पडलेले असायचे. मी बघतच राहिले. पुढची बटणांची अख्खी रांगच नाही! डोक्यातून घातला की झालं.

पण हेडमास्तरांना चालेल असा टी-शर्ट मिळणं म्हणजे स्थळ शोधण्याइतकंच अवघड निघालं. कॉलर हवीच. कॉलरशिवाय अण्णा म्हणजे पुन्हा बनियनच. कॉलर आली की गळ्याशी दोन-तीन बटणं आली. अण्णा गळा उघडा टाकून चारचौघांत जाणार नाहीत आणि बटण तर लावता येत नाही. म्हणजे बटणं कायमची लावलेलीच ठेवून डोकं आत गेलं पाहिजे, आणि डोकं गेल्यावर गळा पुन्हा मिटला पाहिजे. शिवाय कापड सुती हवं. अंग दिसेल इतकं पातळ नको. आणि छातीवर काही लिहिलेलं नको. तेव्हा टी-शर्टांवर इंग्रजी अक्षरं नाहीतर वाघाचं तोंड छापायची टूम होती, आणि वाघाचं तोंड छातीवर घेऊन अण्णा अग्रलेख वाचताहेत हे चित्र मला काही डोळ्यांसमोर आणवेना.

वाशीच्या मार्केटात तयार कपड्यांचं एकच बरं दुकान होतं. तिथे सगळे नायलॉनचे. हात लावला की चटचट वाजायचे. मग हातगाडीवरचा एक निळा मला पसंत पडला. गाडीवाला म्हणाला, "एक्स्पोर्टका माल है, बहनजी." असेलही. धुतल्यावर त्याने रंग एक्स्पोर्ट केला तो यांच्या सगळ्या बनियनांवर. यांनी ती थंडी निळ्या बनियनांत काढली. आणि गळा? वाळत घातला तेव्हा तो जवळजवळ खालच्या मजल्यावर पोचला होता. खाली दारात मासळी घेऊन सारसोळ्याच्या कोळीण मावशी बसल्या होत्या. त्यांनी टोपलीवरचा हात तसाच ठेवून वर बघितलं. "बाय, ह्यो कपरा हाय का जाला? माज्या घोवाला दे, खारीन टाकंल." त्यांचा नवरा ते जाळं म्हणून खाडीत टाकणार, या कल्पनेने आम्ही दोघी इतक्या हसलो की बोंबील मोजायचे राहून गेले.

शेवटी दिवाळीच्या तोंडावर मी आणि कांबळेवहिनी बस पकडून दादरला गेलो. पुलावर बस आली की सगळ्या खिडक्यांतून एकदम वारा यायचा आणि बसमधल्या सगळ्या बायका एकदम पदर सावरायच्या. तेवढाच काय तो थंडावा. दादरला दुकानांची रांग पालथी घातली. मी मुठीत कापड चुरगळून बघायची, उजेडाला धरायची, वास घ्यायची. एका दुकानात सेल्समन म्हणाला, "ताई, घ्यायचाय की शिजवायचाय?"

शेवटच्या दुकानात काउंटरमागे चष्मा लावलेले एक काका होते. त्यांनी विचारलं, "साइज?"

"डोकं मोठं आहे," मी म्हटलं.

"डोक्याची साइज नसते हो बाई. छातीची असते."

"छातीचं बघू नंतर. डोकं महत्त्वाचं आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कांबळेवहिनींकडे, आणि सायीच्या रंगाचा एक टी-शर्ट समोर टाकला. जाडसर, मऊ सुती कापड, दोन पांढरी बटणं. मी म्हटलं, "बटणं लावा दोन्ही." त्यांनी लावली. "आता यातून डोकं जाईल का?"

"अहो, डोकं जावं म्हणून तर बटणं उघडी ठेवायची असतात!"

मला कारण सांगायचं नव्हतं आणि कारणाशिवाय माझं बोलणं खुळचटासारखं दिसत होतं. तेवढ्यात कांबळेवहिनींनी आपली पर्स माझ्या हातात दिली, टी-शर्ट उचलला आणि साडीवरूनच डोक्यात घातला. त्यांचा अंबाडा म्हणजे चांगला नारळाएवढा. "अहो बाई, तो जेन्ट्‌सचा आहे!" काका ओरडले. पण अंबाडा गळ्यातून सुळकन बाहेर आला, एक आकडा न पडता. वहिनींनी मान इकडे-तिकडे फिरवली, टी-शर्ट उतरवला आणि काउंटरवर पसरला. आम्ही तिघंही गळ्याकडे बघत राहिलो. तो हळूच आपल्या जागी येऊन बसला.

"लै झ्याक," वहिनी म्हणाल्या. "ताई, हाच घ्या."

किंमत ऐकून मी पाकिटातल्या नोटा दोनदा मोजल्या. त्यात माझी एक बरीशी साडी आली असती. ती त्या वर्षी आलीच नाही, आणि तिची आठवणही मला नंतर कधी झाली नाही. यांच्यासाठीही एक साधासा घेतला, म्हणजे अण्णांना एकट्यालाच वेगळं काही दिलं असं वाटायला नको. परतताना बसमध्ये मला जाणवलं, की मी कांबळेवहिनींना अण्णांच्या हाताबद्दल काहीच सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या खिडकीबाहेर खाडीकडे बघत आकडे पुन्हा अंबाड्यात खोचत होत्या. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की मी उगीचच त्यांचं तिकीट काढलं.

इथवर सगळं नीट झालं होतं. बिघडवलं ते मी.

आमच्याकडे नवं कापड हळदकुंकू लावल्याशिवाय अंगाला लागत नाही. धोतर असो, परकर असो, नाहीतर शाळेचा गणवेश, टोकाला बोट टेकवायचं. दिवाळीच्या आदल्या दिवशी मी यांचा आणि अण्णांचा टी-शर्ट देवासमोर ठेवला आणि ओल्या बोटाने हळदकुंकू घेतलं. टी-शर्टाला टोक नसतं, तो सगळा गोल. म्हणून उजव्या अंगाला, खालच्या पट्टीच्या वर बोट टेकवलं. शर्टाच्या कापडावर टिकली टिकलीएवढीच राहते. या कापडाने ती प्यायली. बघता बघता रुपयाएवढी झाली. मी घाबरून साबण लावला, तर हळद लालभडक झाली. लिंबू चोळलं, तर लाल मध्येच राहिलं आणि भोवती पिवळं रिंगण उठलं. महिनाभर मी पक्का रंग शोधत वणवण फिरत होते, तो माझ्याच कुंकवाच्या करंड्यात होता! यांच्या टी-शर्टाचंही तेच झालं होतं, पण यांनी "मी तो आत खोचेन" म्हणून विषय संपवला. अण्णांचा डाग तळहाताएवढा झाला होता आणि अण्णा काही खोचणार नव्हते. मी मोरीत बसून रडले. हसू नका. उद्या दिवाळी, परवा-तेरवा अण्णा गावाला जाणार, आणि माझ्या हातात पिवळ्या रिंगणाचा टी-शर्ट.

बाहेर अण्णांचा आवाज आला. यांचा टी-शर्ट वाळत घातलेला त्यांनी बघितला होता. यांना विचारत होते, "याला खिसा कसा नाही रे? माणसानं चष्मा ठेवायचा कुठं?"

मी डोळे पुसले आणि उठले. अण्णांचा एक जुना शर्ट कॉलरपाशी विरला होता. त्याच्या पाठीचा मोठा चौकोन कापला आणि मशीनवर बसले. असं विणीचं, ताणलं जाणारं कापड सुईखाली चुण्या टाकतं, म्हणून खाली वर्तमानपत्राचा कागद ठेवून शिवायचं आणि मग कागद फाडून काढायचा. शिवणाच्या क्लासात ते शिकले होते, पण उपयोग पहिल्यांदा तेव्हा झाला. डागावर बरोब्बर खिसा बसवला. हे मागे येऊन उभे राहिले. "खिसा इतका खाली?"

"कोटाला नसतो का?"

"हा कोट आहे?"

"आता आहे," मी म्हटलं.

पहिल्या आंघोळीला अण्णांच्या पाटाशेजारी मी नवा टी-शर्ट ठेवला, दोन्ही बटणं लावून. तोंडाने म्हटलं, "यंदा दोघांनाही हेच आणलेत. सध्या हेच निघालेत." अण्णांनी तो उचलला, कॉलर बघितली, खिसा बघितला आणि आत गेले. दाराकडे बघायचं नाही असं ठरवून मी आणि हे, दोघंही चकलीच्या डब्याकडे बघत बसलो. चकल्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. दार उघडलं. अण्णा बाहेर आले. सायीचा रंग, गळा मिटलेला, कॉलर ताठ. मला तेव्हा जे वाटलं ते सांगायचं तर एवढंच, की माझ्या घरात पुन्हा हेडमास्तर आले होते.

त्यांचा उजवा हात आपोआप खाली गेला आणि खिशात शिरला. तिथेच राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी खिसा कुठे शिवला होता. मी तो डागासाठी शिवला होता, देवाशपथ. हाताचा विचार माझ्या मनातसुद्धा नव्हता.

संध्याकाळी दिवे लावायच्या आधी पायरीवर चपला वाजल्या. मी हातातली पणती तशीच ठेवून गॅलरीत धावले. शेजारच्या गॅलरीत कांबळेवहिनीही आल्या होत्या. अण्णा कट्ट्याकडे निघाले होते, डाव्या हातात पेपर, उजवा खिशात. कट्ट्यावरचे सगळे उठून उभे राहिले. लातूरकरांचा आवाज वरपर्यंत आला, "या मास्तर! अहो, एकदम तरणे होऊन आलात की!" अण्णांनी खिशातला हात काढला आणि सगळ्यांना रामराम केला. हात थरथरत होता. मला वरूनही दिसला. त्यांनी तो लगेच खिशात घातला नाही. मग मागे वळून वर बघितलं आणि भरल्या वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, मला यायला उशीर होईल!"

वहिनींनी आणि मी एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींचीही पंचाईत झाली असती.

आज यांचा पंच्याहत्तरीचा उंबरठा जवळ आलाय. कपाट टी-शर्टांनी भरलंय, आणि बनियनला कॉलर लावून लुबाडतात हे वाक्य यांच्या तोंडून कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही. यांचे हात ठणठणीत आहेत, विशेषतः पोळीवर पुन्हा तूप वाढून घ्यायला. पण नवा टी-शर्ट आला की मी गळा ताणते आणि उजव्या अंगाला खाली, आतून, कोरड्या बोटाने हळदकुंकू लावते. मुलगा हसतो. हे हसत नाहीत.

राहिलं अण्णांचं. गावाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. ती दिवाळी संपली, हवा गार झाली, आणि तो एक टी-शर्ट रोज धुऊन रोज घालायचा झाला. मग एके दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते, तर अण्णा येऊन समोरच्या खुर्चीवर बसले. खिशाची कड त्यांनी बोटाने उलटी केली आणि आत डोकावून बघितलं. आत तो लाल-पिवळा डाग होता, तसाच. माझा हात ताटात थांबला.

"दुसरा एक घेऊन ये," अण्णा म्हणाले. "याला कधीतरी विश्रांती हवी." मग खिशात हात घालून उठले, दारापर्यंत गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "आणि सूनबाई, या वेळी आधी डाग पाडत बसू नकोस. सरळ खिसाच लाव."